रोम-फ्लॉरेन्स-व्हेनिसच्या ग्रुप टूरला निघायच्या आधी

इटलीहून आल्यापासून नणंद, तिच्या सोसायटीतल्या दोघी आणि माझ्या ऑफिसमधली एक, सगळ्यांचे फोन येऊन गेले, मे महिन्यात निघायचंय, काय काय नेऊ ते सांग. प्रत्येकीला काळजी फक्त बॅगेची. म्हटलं एकदाच सगळं टाइप करून टाकावं. बॅग यात शेवटी येणारे. आधी टूरवाल्यांनी दिलेला प्रोग्रॅम हातात पेन घेऊन वाचायचा, कारण आम्ही तो वाचलाच नव्हता, नुसते त्यातले फोटो बघितले होते.

त्यात बघायचं काय, तर प्रत्येक ठिकाणापुढे 'एंट्री' लिहिलंय का 'फोटो स्टॉप', 'ओरिएंटेशन', 'पॅनोरॅमिक' वगैरे. एंट्री सोडून बाकी सगळ्याचा अर्थ एकच, बाहेरून बघा. आमच्या कागदावर कलोसियमचा पानभर फोटो होता आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात फोटो स्टॉप, त्यामुळे सासूबाईंनी दोन हजार वर्षांची ती वास्तू रस्त्याच्या पलीकडून वीस मिनिटं बघितली, त्यातली दहा ग्रुप फोटोत गेली आणि मग परत बस. भांडणार कोणाशी, लिहिलेलंच होतं की. तुम्ही बुकिंगच्या आधीच विचारा की आत कुठं कुठं नेताय आणि रोममध्ये अर्धा दिवस मोकळा आहे का. असेल तर कलोसियमचं तिकीट स्वतः काढून ठेवा. तिकिटावर नाव येतं आणि ते आयडीशी जुळावं लागतं, म्हणून स्पेलिंग पासपोर्टवर आहे तस्संच टाका. मग कॅलेंडर घेऊन वार तपासा. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून, आणि त्या दिवशी फुकट असतं म्हणून गर्दी मरणाची. फ्लॉरेन्सची उफिझी ही चित्रांची गॅलरी आणि डेव्हिडचा पुतळा आहे ती अकादमिया, दोन्ही सोमवारी बंद. बुधवारी सकाळी पोप लोकांना भेटतात तेव्हा सेंट पीटर्सच्या, म्हणजे व्हॅटिकनच्या मोठ्या चर्चच्या, आत जाता येत नाही. नणंदेच्या प्रोग्रॅममध्ये फ्लॉरेन्स नेमकं सोमवारी आलंय, तेव्हा आधी फोन करून विचारा बाई.

कागदांचं पटकन सांगते कारण ते टूरवालेच मागून घेतात. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परत यायच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालू राहणारा आणि दोन पानं कोरी. शेंगेन व्हिसाला, म्हणजे इटलीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाला, सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा मेच्या टूरला एप्रिलपर्यंत थांबू नका, उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळता मिळत नाहीत. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो. आधीच्या शेंगेन व्हिसासाठी बोटांचे ठसे देऊन ५९ महिने व्हायचे असतील तर ते बहुतेक वेळा परत घेत नाहीत. बँकेचं स्टेटमेंट आणि आयटीआर लागतातच, पण अर्जाच्या आठवडाभर आधी कोणीतरी खात्यात एकदम दोन लाख टाकून ठेवायचे हा प्रकार करू नका, ते लगेच दिसतं. आणि टूरच्या पैशांवर टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतलेला इन्कम टॅक्स, कापतात त्याचं सर्टिफिकेट मागून घ्या, रिटर्न भरताना तो जमेला धरता येतो, आमच्याकडे हे जुलैत आठवलं.

आता पाय. याच्यावर जास्त लिहिणारे कारण सगळ्यात कमी तयारी याचीच असते. बसची टूर म्हणजे बसून बघायची टूर असं आपल्या डोक्यात असतं. पण या गावांच्या जुन्या भागात मोठी बस सोडतच नाहीत, ती लांब कुठंतरी उतरवते आणि तिथून चालायचं, परत त्या जागी चालत यायचं. रोममधल्या गल्ल्यांना काळ्या बसाल्टचे लहान चौकोनी दगड बसवलेत, वर्षानुवर्षांच्या वापराने गुळगुळीत झालेले आणि मधेमधे फटी, पाऊस पडला की घसरायलाच होतं. मी निघायच्या चार दिवस आधी मॉलमधून नवे बूट आणले, छान गुलाबी सोल वगैरे, आणि दुसऱ्याच दिवशी व्हॅटिकनच्या लायनीत दोन्ही टाचांना फोड. पुढचे तीन दिवस मी जी काही प्राचीन इटली बघितली ती जमिनीपासून सहा इंचांपर्यंत, म्हणजे समोर पायरी आहे की फट एवढीच. त्याउलट सासूबाई, वय ६८, त्यांचे दोन वर्षं वापरलेले काळे वॉकिंग शूज, एकदाही कण्हल्या नाहीत. तेव्हा बूट दोन महिने आधी घ्या आणि तेच घालून रोज चाला, आधी अर्धा तास, मग वाढवत दीड-दोन तासांवर न्या, आणि नुसतं सपाट नको, जिनेपण. पर्वतीला आठवड्यातून दोनदा गेलात तरी पुष्कळ. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या घुमटावर चढायचं असेल तर ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, आणि वरवर जाल तसा जिना अरुंद. सेंट पीटर्सला अर्धी लिफ्ट मिळते, पण त्यानंतरही ३२० आहेतच. गुडघ्याचा पट्टा, फोडाला लावायच्या चिकटपट्ट्या आणि रात्री पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी, हे जॅकेटच्या आधी बॅगेत टाका.

चालण्याबरोबर उभं राहणंही आलं. लायनीत तास-तासभर. आणि टॉयलेट. प्रत्येक ठिकाणी एक-दीड युरो, म्हणून ५० सेंट आणि १ युरोच्या नाण्यांची एक वेगळी छोटी पाकिटी करा, नोटेचे सुटे द्यायला कोणी बसलेलं नसतं. दुसरी युक्ती म्हणजे कॉफी. काउंटरपाशी उभ्याने प्यायलात तर स्वस्त, खुर्चीत बसलात की तीच कॉफी महाग, पण कॉफी घेतली की त्यांचं टॉयलेट हक्काने वापरता येतं. पाण्याला मात्र पैसे घालू नका. रोममध्ये रस्तोरस्ती ओतीव लोखंडाचे बुटके नळ आहेत, नाझोनी म्हणतात, नाकासारखी खाली वाकलेली तोटी आणि पाणी सतत वाहतं, पिण्याचंच आहे, थंडगार. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून कारंज्यासारखी धार उडते, तोंड लावून प्यायचं. आमच्या ग्रुपमधल्या आजोबांनी हे बघितलं आणि त्यानंतर दिसेल त्या नळाशी थांबायला लागले, टूर मॅनेजर बिचारा झेंडा धरून उभा. तर रिकामी बाटली प्रत्येकाची एक.

वेळेचं एक समजून घ्या म्हणजे चिडचिड कमी होईल. युरोपात ड्रायव्हरचे तास मोजले जातात, साडेचार तास चालवून झाले की ४५ मिनिटं थांबावंच लागतं आणि बसमधल्या यंत्रात सगळी नोंद होते. म्हणून कोणी मॅग्नेट घेत बसल्यामुळे बस अर्धा तास थांबली की तो अर्धा तास शेवटच्या ठिकाणातून कापला जातो, ड्रायव्हर खडूस असतो म्हणून नाही. घरातल्या वयस्कर माणसाच्या पर्समध्ये हॉटेलचं कार्ड आणि टूर मॅनेजरचा नंबर कागदावर लिहून ठेवा, मोबाइल संपला तर कागद उपयोगी येतो.

खाण्याचं सगळ्यांना सांगायची गरज नाही, पण दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात आणायला बंदी आहे, म्हणजे पेढे, पनीर, तूप घरी ठेवा, आणि मे महिना म्हणून आंबे न्यायचे मनातही आणू नका. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात अडवतात, तेलामुळे पेट घेतात म्हणून. मेतकूट, दाण्याची चटणी, चिवडा, भाजणीच्या चकल्या, गरम पाण्यात भिजणारा उपमा, एवढं बास. रात्री इंडियन जेवण बहुतेक टूरमध्ये असतंच, प्रश्न सकाळी सात वाजता ब्रेडकडे बघून घरच्यांची तोंडं वाकडी होतात तेव्हाचा. छोटी इलेक्ट्रिक किटली न्या, तिकडे रूममध्ये किटली असेलच असं नाही. व्होल्टेज आपल्यासारखंच २३०, पण आपली तीन जाड पिनांची प्लग बसत नाही, ॲडॅप्टर हवा. मोबाइलची दोन पिनांची बारीक प्लग बहुतेक ठिकाणी बसते. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत चालत नाही.

कपड्यांत एकच नियम, चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत, पुरुषांचेही. हाफ पँटवाले काका दारातून परत येताना आम्ही बघितलेत. एक सुती ओढणी कायम गळ्यात असू द्या. पैसे थोडे कॅश, बाकी फॉरेक्स कार्डवर, आणि मशीनने कधी विचारलं रुपयात घेऊ का युरोत तर डोळे मिटून युरो, रुपयाचा रेट ते त्यांच्या सोयीचा लावतात. पाकीट मागच्या खिशात नको. रोमच्या टर्मिनी स्टेशनवर आणि व्हॅटिकनकडे जाणाऱ्या ६४ नंबरच्या बसमध्ये खिसेकापू असतात हे तिथलं लहान मूलही सांगेल. फुटपाथवर चादरीवर मांडलेल्या ब्रँडेड पर्स घेऊ नका, नकली माल विकत घेणाऱ्यालाही तिथे दंड होतो. आणि रोममधल्या स्पॅनिश स्टेप्स या प्रसिद्ध पायऱ्यांवर बसायचं नाही, २०१९ पासून बंदी आहे, दमून टेकलात की शिट्टी वाजलीच.

व्हेनिससाठी वेगळी छोटी बॅग भरा. बस शहराच्या कडेला सोडते, पुढे बोट आणि मग पूल, प्रत्येक पुलाला पायऱ्या, त्यावरून २३ किलोची बॅग ओढत न्यायची म्हणजे हमालीच. मुक्काम मेस्त्रेला, म्हणजे व्हेनिसच्या अलीकडे जमिनीवरच्या भागात, असेल तर मोठी बॅग तिथेच राहते. एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्यांना ५ युरो प्रवेश फी आहे, उशिरा भरली तर १०, ती तुमच्या पैशात धरलीय का विचारून घ्या. २०२४ पासून तिथे एका गाइडमागे २५ च माणसं आणि लाउडस्पीकर बंद, त्यामुळे ४५ जणांच्या ग्रुपचे दोन तुकडे होतात आणि कानात यंत्र लावून ऐकायचं. त्यात स्वतःचा इयरफोन लावता येत असेल तर बरं, त्यांचा कानात बसतच नाही.

एवढं सगळं झालं की मग डोळ्यांची तयारी, जी मी केली नव्हती. व्हॅटिकन म्युझियममधल्या सिस्टीन चॅपेलमध्ये फोटोला बंदी आहे, बोलायलाही, आणि आत गेल्यावर गाइडपण बोलत नाही. छत जवळजवळ २० मीटर उंच, मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात रंगवलेलं, शेकडो आकृत्या, आणि खाली मान वर करून उभे असलेले आपण, कुठलं कुठून बघायचं तेच कळेना. घरी बसून एकदा त्या छताचा नकाशा बघितला असता तर आदमचं बोट शोधण्यात पाच मिनिटं गेली नसती. नातवाची खेळण्यातली नको, चांगली छोटी दुर्बीण न्या, सासूबाईंनी शेजारच्या बाईंची मागून घेतली आणि परत द्यायलाच तयार नव्हत्या. आणि शक्य असेल तर निघायच्या आधी कोल्हापूरला टाऊन हॉल म्युझियममध्ये जाऊन या, कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीक-रोमन लोकांच्या समुद्रदेवाची, ब्राँझची छोटी मूर्ती तिथे आहे. उलट्या बाजूने १९३८ मध्ये पॉम्पेईत, म्हणजे ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या रोमन गावात, एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, ती नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे, आणि तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती आपल्याकडे तेरला आणि भोकरदनला मिळाल्यात. टूरमध्ये नेपल्स बहुधा नसतं, पण रोममध्ये मोडक्या खांबांमधून फिरताना हे डोक्यात असलं की ती जागा एकदम परकी वाटत नाही.

बॅग भरताना पाच किलोची जागा सोडा आणि हातात धरून वजन करायचा छोटा काटा न्या. एका दुकानात एकाच दिवशी ७० युरोच्या वर खरेदी झाली तर टॅक्स परत मागता येतो, फॉर्म दुकानातच भरून घ्यायचा आणि एअरपोर्टवर बॅग चेक-इनला देण्याआधी कस्टमला वस्तू दाखवायची. आमची लेदरची पर्स बॅगेत तळाशी आणि बॅग बेल्टवरून गेलेली, तेव्हा तो फॉर्म अजून फ्रिजवर मॅग्नेटखाली आहे.