मृग लागायच्या आत स्टार्टरच्या पेटीचे स्क्रू एकदा बघून घ्या

राम राम मंडळी, रोहिणी चालू आहे, मशागत उरकत आलीय, बियाण्याची धावपळ आहे, सगळं मान्य. पण या आठ दिवसात विहिरीवरच्या नाहीतर बोअरवरच्या स्टार्टरच्या पेटीला एक तास द्याच. उन्हाळाभर मोटार चाललेली असते, कॉन्टॅक्टर (मोटार चालू-बंद करणारा पेटीतला स्विच) ठाप ठाप बसतो त्या हादऱ्याने स्क्रू ढिले होतात, आणि एकदा पाऊस सुरू झाला की ओल्या हाताने ओल्या पेटीजवळ जायची वेळ येते.

मागच्या वर्षी आमच्याच मळ्यात झालेलं सांगतो. पेटीच्या झाकणाचा एक स्क्रू हरवला होता, चुलतभावाने गोठ्याच्या कामातला उरलेला काळा टोकदार स्क्रू पिळून बसवला, झाकण घट्ट बसलं म्हणून सगळे खूश. तो स्क्रू आत जवळजवळ दीड इंच गेलेला आणि त्याचं टोक केबलच्या इन्शुलेशनवर टेकलेलं. महिनाभर काही झालं नाही, मग घासून घासून टोक तांब्याला लागलं आणि पहिल्या पावसात झाकणाला हात लावला तर हाताला झिणझिण्या. पायात कोरडी रबरी चप्पल होती म्हणून माणूस वाचला. अर्थिंगची तार गंजून तुटलेली होती, म्हणून फ्यूजही उडाला नाही आणि अख्खी पेटी लाइव्ह होऊन बसली होती. अजून आठवलं की अंगावर काटा येतो.

म्हणून पहिली गोष्ट, पेटीला टोकदार स्क्रू कधीच लावू नका, पत्र्याचा नको, पीओपीचा नको, लाकडाचा तर नकोच. सपाट टोकाचा मशीन स्क्रू लागतो, त्याच मापाचा, त्याच आट्यांचा, आणि आतल्या बाजूला दोन-तीन आटे दिसले की बास, त्याहून लांब नको. पेटीच्या भोकाचे आटे गेले असतील तर जाडा स्क्रू ठोकून बसवू नका, वायसर टाकून आरपार बोल्ट आणि मागून नट लावा, पण मागे केबल नाही ना हे आधी बघा. फायबरची पेटी असेल तर अजून जपा, कारण तिथं स्क्रू आत वायरला लागला तर बाहेर दिसणारं त्याचं डोकंच करंट मारतं, पेटीसोबत आलेलेच स्क्रू वापरा.

आता उघडायचं कसं. लाईट नाही म्हणून पेटी उघडू नका, शेतीची लाईट कधी येईल सांगता येत नाही आणि ऑटो स्विच असला तर मोटार आपोआप चालू होते. आधी ऑटो बंद करा, मग मेन स्विच पाडा, तिन्ही किटकॅट (फ्यूजचे काढता येणारे तुकडे) काढून स्वतःच्या खिशात ठेवा, दुसऱ्या कुणाच्या नाही. टेस्टर आधी जिथं लाईट आहे तिथं पेटतो का बघा, मगच तिन्ही फेजवर लावा. मेन स्विचच्या आधीच्या वायरीत करंट तसाच असतो हे विसरू नका. सिंगल फेजच्या पेटीत कपॅसिटर असतो, तो बंद केल्यावरही झटका देतो, त्याला हात लावायचा नाही. खात्री वाटत नसेल तर सरळ वायरमनला बोलवा, त्यात कमीपणा काही नाही.

आत गेल्यावर टर्मिनलचे, म्हणजे वायरी जिथं जोडतात तिथले, स्क्रू बघा. ढिल्या स्क्रूखाली वायर तापते, इन्शुलेशन कडक आणि तपकिरी होतं, जळका वास येतो, शेवटी एक फेज तुटतो आणि मोटार दोन फेजवर घुमत जळते. 5 एचपीची मोटार साधारण 7-8 अँपिअर घेते, पण डायरेक्ट चालू होताना सहापट-सातपट ओढते, तो सगळा भार त्या एवढ्याशा स्क्रूवर येतो. ॲल्युमिनियमची केबल असेल तर जास्तच लक्ष ठेवा, ती मऊ असते, दाबाखाली हळूहळू चपटी होते आणि घट्ट केलेला स्क्रू परत ढिला पडतो. तिला नुसतं वळवून स्क्रूखाली दाबू नका, घासून साफ करून योग्य मापाची थिंबल (वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) दाबून घ्या. पितळी स्क्रूच्या जागी लोखंडी लावू नका, तो गंजतो आणि तापतो. आणि जोर लावून पिळूही नका, टर्मिनलचं बेकेलाईट (कडक प्लास्टिक) तडकतं. टर्मिनलचे आटे गेले असतील तर तारेचे तुकडे कोंबून घट्ट करत बसू नका, ती पट्टीच बदला.

काम करताना काढलेले स्क्रू झाकणात मोजून ठेवा. एक जरी आत पडून राहिला आणि दोन फेजच्या मध्ये अडकला तर लाईट येताच भडका होतो.

अर्थिंगचा बोल्ट वेगळा पाहिजे, झाकणाच्या स्क्रूला तार गुंडाळली म्हणजे अर्थिंग झालं असं नाही. बोल्टाखालचा रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसू द्या, दातेरी वायसर घाला, वर दोन नट मारा. झाकणाला पण अर्थिंगची वेगळी लवचिक वायर जोडून घ्या.

झाकणाचे चारही स्क्रू असलेच पाहिजेत, एक नसला तरी रबर नीट दबत नाही आणि पाणी, मुंग्या, पाली आत जातात. वरून केबल घालू नका, खालून ग्लँडमधून (केबल घट्ट धरणाऱ्या बुचातून) घ्या, रिकामी भोकं बुजवा. पेटी भिंतीला टांगलेल्या स्क्रूखाली रबरी वायसर टाका, मागून पाणी तिथूनच झिरपतं. बाहेरच्या स्क्रूंना बोटभर ग्रीस लावलं तर पुढच्या वर्षी सहज निघतात, पण आतल्या कॉन्टॅक्टला ग्रीस, तेल काही नको.

सौरपंपवाल्यांनी मात्र कंट्रोलरची पेटी स्वतः उघडूच नका. पॅनलवर ऊन आहे तोवर डीसी करंट येतच राहतो, त्याचा स्पार्क लवकर विझत नाही. झाकणाचा स्क्रू पडला असेल तर बसवणाऱ्या कंपनीच्या माणसाला सांगा.

बाजारात जाताना झाकणाचा जुना स्क्रू खिशात टाकून न्या, दुकानदाराला तो दाखवून तसाच स्टेनलेस स्टीलचा मागा, आठ-दहा जास्तीचे घ्या आणि पिशवीत बांधून मोटारीच्या खोलीत खिळ्याला टांगून ठेवा, पेटीच्या आत ठेवू नका.