मराठी वाचताना-लिहिताना अडणाऱ्या मुलासाठी फोन आणि संगणक कसा सज्ज करावा

डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखनात येणारी अडचण, असलेल्या मुलाला धडा वाचून दाखवला, तर ते बहुधा नेमकी उत्तरे देते. तोच धडा स्वतः वाचायचा म्हटला, की त्याची सारी शक्ती अक्षरे लावण्यातच खर्च होते. ‘विद्यार्थ्यांनी’ हा एकच शब्द पाहा. पहिली वेलांटी उच्चारात ‘व’नंतर येते, पण कागदावर त्याच्या आधी दिसते, ‘द्य’ हे जोडाक्षर वेगळेच चिन्ह म्हणून लक्षात ठेवावे लागते, आणि ‘थ’च्या आधी उच्चारला जाणारा ‘र’ रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. हे ओझे हलके करणारी साधने घरातल्या अँड्रॉइड फोनवर आणि साध्या संगणकावर मोफत मिळतात. मात्र ती मराठीसाठी मुद्दाम लावून घ्यावी लागतात.

सुरुवात ऐकण्यापासून करावी. फोनच्या सेटिंग्जमधील ‘ॲक्सेसिबिलिटी’ या विभागात ‘टेक्स्ट-टू-स्पीच’ हा पर्याय शोधावा, तेथे गूगलचे इंजिन निवडावे, भाषा मराठी करावी आणि मराठी आवाज डाउनलोड करून घ्यावा. ही पायरी गाळली, तर देवनागरी मजकूर हिंदी आवाजात वाचला जाण्याची शक्यता असते आणि ‘चमचा’, ‘जग’ अशा शब्दांचे उच्चार मुलाला परके वाटतात. वेग सुरुवातीला नेहमीपेक्षा कमी ठेवावा. त्यानंतर त्याच विभागातील ‘सिलेक्ट टू स्पीक’ सुरू करावे. त्याचे चिन्ह दाबून एखाद्या परिच्छेदावर बोट टेकवले, की फोन तो मोठ्याने वाचतो आणि वाचला जाणारा शब्द पडद्यावर ठळक होतो. मुलाचे डोळे त्या शब्दाबरोबर सरकत आहेत ना, हे पहिले काही दिवस शेजारी बसून पाहावे. कारण डोळे मिटून ऐकल्याने धडा कळेल, पण अक्षर आणि ध्वनी यांची सांगड बसणार नाही.

खरी अडचण पाठ्यपुस्तकांपाशी येते. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, परंतु पीडीएफमधील मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व यंत्रांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात, नसेल, तर डोळ्यांना मराठी दिसणारी ओळ यंत्राला निरर्थक चिन्हांची माळ वाटते. याची परीक्षा सोपी आहे. एक ओळ निवडून ती कॉपी करावी आणि एखाद्या संदेशात पेस्ट करावी. ती जशीच्या तशी उमटली, तर पुस्तक वाचून घेता येईल. भलतेच काही उमटले, तर ती फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून संगणकावरून ‘गूगल डॉक्स’मध्ये उघडावी, म्हणजे पानाच्या चित्रावरून मजकूर ओळखला जातो. एका वेळी एकच धडा घ्यावा, आणि मुलाच्या हाती देण्यापूर्वी जोडाक्षरे व विशेषनामे स्वतः तपासावीत, कारण ओळखण्यातल्या चुका नेमक्या तेथेच होतात. छापील पान समोर असेल, तर गूगल लेन्सने त्याचे छायाचित्र घेऊन मजकूर ऐकता येतो.

संगणकावर मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर वापरावा. कंट्रोल, शिफ्ट आणि यू ही बटणे एकत्र दाबली की पान वाचले जाते. मराठीसाठी ‘आरोही’ आणि ‘मनोहर’ असे दोन बऱ्यापैकी नैसर्गिक आवाज आहेत. एफ-9 दाबून वाचनाचे स्वच्छ दृश्य उघडले, की अक्षरांचा आकार व अंतर वाढवता येते आणि एका वेळी एक किंवा तीनच ओळी उजळ ठेवता येतात. ज्या मुलाची ओळ वारंवार सुटते, त्याला या शेवटच्या सोयीचा मोठा आधार होतो. डिस्लेक्सियासाठी म्हणून प्रसिद्ध असलेला ‘ओपन-डिस्लेक्सिक’ हा फाँट रोमन लिपीचा आहे, त्यामुळे मराठीसाठी तो शोधत बसू नये. ‘मुक्ता’सारखा साधा, मोकळा फाँट मोठ्या आकारात पुरतो.

लेखनासाठी फोनवरील जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडून माइकचे बटण वापरावे. मुलाने आधी पूर्ण वाक्य मनात जुळवावे, मग ते सलग बोलावे आणि थांबावे. विरामचिन्हे नंतर हाताने घालावीत. मजकूर तयार झाला, की तो फोनकडूनच वाचून घ्यावा. गळलेले अक्षर, ‘घ’च्या जागी ‘ध’, ‘म’च्या जागी ‘भ’ असे दोष कानाला लगेच खटकतात. ऱ्हस्व-दीर्घाचे दोष मात्र अशा ऐकण्यातून सापडतीलच असे नाही, कारण मराठी बोलण्यात तो भेद पुष्कळदा पुसट असतो. शुद्धलेखन तपासनीसही ‘सूत’च्या जागी ‘सुत’ लिहिले तर ते सोडून देतो, कारण दोन्ही शब्द कोशात आहेत. तेवढी तपासणी माणसानेच करावी, आणि माझे स्पष्ट मत असे आहे की ती सर्वांत शेवटी करावी. विचार कागदावर उतरण्यापूर्वीच वेलांटीवरून टोकलेले मूल लिहिणेच टाळू लागते.

वाचनाच्या सरावासाठी ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्टोरीविव्हर’ या संकेतस्थळावर पातळीनुसार लावलेल्या मराठी गोष्टी मोफत आहेत.

शाळेचा विचार आधीपासून करून ठेवावा. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सिया हा तिचाच प्रकार) समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्यांना राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. निदान तज्ज्ञांकडूनच करून घ्यावे. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेल्या ‘डाली’ या चाचण्या मराठीतही आहेत, त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलाची केवळ इंग्रजीतून परीक्षा घेतली जात असेल, तर या चाचण्यांविषयी विचारावे. परीक्षेच्या दालनात हा फोन जवळ नसेल, तेथे लेखनिक असेल. म्हणून दहावीच्या वर्षात माइकसमोर बोलण्याबरोबरच आठवड्यातून एकदा घरातल्या कोणाला तरी उत्तरे सांगून ती लिहून घेण्याचा, आणि लिहिलेले परत वाचून मागण्याचा सराव ठेवावा.