मोठ्या ऑपरेशनआधीची धास्ती आणि नवरा-बायकोतली धुसफुस: या चुका टाळा

ऑपरेशनची तारीख ठरली की घरात खटके उडायला लागतात, आणि त्यातलं एकही भांडण सहसा ऑपरेशनवरून होत नाही. जुने रिपोर्ट फाइलला लावलेस का, चार्जर बॅगेत टाकलास का, तुझ्या बहिणीला सांगायच्या आधी मला का विचारलं नाहीस. एरवी जे हसण्यावारी गेलं असतं, त्यावरून दोन दोन दिवस अबोला. या दिवसांतल्या चिडचिडीत स्वभावाचा वाटा थोडा आणि मनात कोंडलेल्या भीतीचा वाटा मोठा असतो, असं माझं ठाम मत आहे. खाली सांगितलेल्या चुका बहुतेक करून प्रेमापोटीच होतात. म्हणूनच त्या लवकर लक्षातही येत नाहीत.

“काही होत नाही गं”

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं, म्हणून याबद्दल जरा सविस्तर.

रात्री दिवा मालवल्यावर ती विचारते, “भुलीतून मला जागच आली नाही तर?” तो लगेच म्हणतो, “अभद्र बोलू नकोस. काही होत नाही. डॉक्टर एवढे अनुभवी आहेत.” आणि कूस बदलतो. त्याला वाटतं, आपण धीर दिला. तिला कळतं, हा विषय पुन्हा काढायचा नाही. दुसऱ्या दिवशी ती हसतमुखाने वावरते, तो निश्चिंत असल्याचं दाखवतो, आणि दोघंही आपापल्या कोपऱ्यात मोबाइलवर तेच शोधत बसतात.

जोडीदाराला जपायचं म्हणून आपली काळजी त्याच्यापासून लपवायची, या सवयीचा अभ्यास झालेला आहे. जेम्स कॉइन आणि डेव्हिड स्मिथ यांनी 1991 मध्ये हार्ट अटॅक येऊन गेलेल्या पुरुषांच्या बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नवऱ्याला त्रास नको म्हणून आपलं मन मारणाऱ्या बायकांना स्वतःला मानसिक त्रास जास्त होत असल्याचं त्यात दिसलं.

मग बोलायचं काय? धीर द्यायची घाई न करता एवढंच विचारा: “नेमकी कशाची भीती वाटतेय?” आणि गप्प राहून ऐका. उत्तर पुष्कळदा आपल्या अंदाजापेक्षा वेगळं निघतं. कुणाला जाग न येण्याची भीती असते, तर कुणाला ऑपरेशन चालू असताना मध्येच जाग येईल याची. दोन्हींना आपण ‘भुलीची भीती’च म्हणतो. यातल्या दुसऱ्या भीतीबद्दल आकडा उपलब्ध आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या भूलतज्ज्ञांनी केलेल्या मोठ्या पाहणीत (अहवाल 2014) पूर्ण भूल दिलेल्या साधारण 19,000 पेशंटमागे एकाने अशी जाग आल्याचं सांगितलं होतं. हृदयाच्या आणि सिझेरियनच्या ऑपरेशनात हे प्रमाण जास्त असतं, त्यामुळे आपल्यापुरतं भूलतज्ज्ञांनाच विचारावं. कुणाला परक्यांसमोर उघडं पडण्याची लाज वाटत असते. कुणाला मुलांची काळजी असते. कुणाला नंतर आपण दुसऱ्यावर ओझं होऊ याची.

ज्या भीतीला उत्तर आहे ती डॉक्टरांकडे न्या. जिला उत्तर नाही ती नुसती ऐकून घ्या. “मलाही भीती वाटतेय” असं सोबत करणाऱ्याने म्हटलं म्हणून पेशंट खचत नाही. आपण एकटेच घाबरट नाही, हे कळून उलट त्याचा जीव थोडा हलका होतो.

एक मात्र जपायला हवं. काहींना सगळं बारीकसारीक जाणून घेतल्याशिवाय चैन पडत नाही, तर काहींना जितकं कमी कळेल तितकं बरं वाटतं. असे दोघं एकाच घरात असले की एकाचे प्रश्न दुसऱ्याला छळल्यासारखे वाटतात. यात चूक कुणाचीच नसते. दिवसातली अर्ध्या तासाची एक वेळ या विषयासाठी ठरवा आणि बाकीच्या दिवसात तो काढू नका. ज्याला तपशील नको आहेत त्याने ते समजून घेण्याचं काम जोडीदारावर सोपवावं, पण डॉक्टरांसमोर तसं स्पष्ट सांगून. संमतीपत्रावर सही मात्र पेशंटचीच असते, म्हणून मुख्य धोके त्याच्याही कानावर पडायलाच हवेत.

भूलतज्ज्ञांसमोर नुसती मान डोलावणं

ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ तपासायला येतात, तेव्हा बरेच जण “काही विचारायचंय का?” या प्रश्नाला “नाही, ठीक आहे” म्हणून मोकळे होतात. ही भेट औषधाइतकीच कामाची आहे. अमेरिकेतले भूलतज्ज्ञ लॉरेन्स एग्बर्ट आणि सहकाऱ्यांनी 1964 मध्ये पोटाच्या ऑपरेशनच्या 97 पेशंटवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नंतर दुखणं कुठे आणि कसं होईल, कुशीवर कसं वळायचं, स्नायू सैल कसे सोडायचे, हे ज्यांना नीट समजावून सांगितलं होतं, त्यांना वेदनाशामक अफूजन्य औषधं साधारण निम्मीच लागली आणि ते लवकर घरी गेले. पुढे काय होणार हे माहीत असलं की दुखणं सोसायलाही मदत होते.

म्हणून दोघांनी मिळून प्रश्न लिहून न्या आणि उत्तरं जोडीदाराने टिपून घ्यावीत, कारण घाबरलेल्या माणसाच्या लक्षात अर्धंच राहतं. शुद्धीवर येईन तेव्हा अंगाला कुठे कुठे नळ्या असतील? आयसीयूत किती वेळ? दुखायला लागलं तर कुणाला आणि कसं सांगायचं? मळमळ झाली तर काय देता? बाहेर थांबलेल्या माणसाला निरोप कोण आणि कधी देणार?

आयसीयूबद्दल तर आवर्जून विचारा. मोठ्या ऑपरेशननंतर काही काळ श्वासनलिकेत नळी असेल तर पेशंटला बोलता येत नाही. हे आधी माहीत नसेल, तर जाग आल्यावर आवाज फुटत नाही म्हणून माणूस हादरतो. दोघांनी खुणा ठरवून ठेवा: हात एकदा दाबला तर ‘हो’, दोनदा दाबला तर ‘नाही’. बाहेरून भेटायला येणाऱ्यालाही कल्पना हवी. सुजलेला चेहरा, जखमेतलं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळ्या, सतत वाजणारी यंत्रं आणि अर्धवट गुंगीतलं माणूस पाहून जोडीदाराच्या पायाखालची जमीन सरकते. वयस्कर पेशंट तर ऑपरेशननंतर एक-दोन दिवस भ्रमात असंबद्ध बोलू शकतो, जवळच्या माणसावरही ओरडू शकतो. ते शब्द मनाला लावून घेऊ नका. पण नर्सला लगेच सांगा.

जोडीदारासमोर अर्धवट माहिती देणं

याबद्दल फार कमी बोललं जातं. डॉक्टर विचारतात, “दारू, सिगरेट, झोपेच्या गोळ्या?” शेजारी बायको बसलेली असते, म्हणून तो म्हणतो, “छे, कधीतरी.” किंवा ती डिप्रेशनच्या गोळ्या घेते हे नवऱ्याला ठाऊक नसतं, म्हणून ती गप्प राहते. इथे खोटं बोलणं जिवावर बेतू शकतं. रोज पिणाऱ्याची दारू ऑपरेशननंतर अचानक बंद झाली की थरथर, भ्रम, फिट असे गंभीर त्रास होऊ शकतात. झोपेच्या काही गोळ्या रोज घेणाऱ्याने त्या एकदम तोडल्या तरी तसंच. “मला दोन मिनिटं एकट्याने बोलायचंय” असं डॉक्टरांना सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. जोडीदारानेही त्यावर रुसू नये.

याच ओघात आणखी एक चूक. धास्तीवर उतारा म्हणून कुणी स्वतःच्या मनाने झोपेची गोळी घेतं, कुणी शांत झोपेसाठी म्हणून काढा किंवा चूर्ण सुरू करतं, कुणी उलट ‘ऑपरेशन आहे’ म्हणून नेहमीची औषधं परस्पर बंद करतं. यातलं काहीही विचारल्याशिवाय करू नका. चिंतेवर गोळी हाच उपाय, असंही नाही. 2015 मध्ये फ्रान्समध्ये हजारावर पेशंटवर झालेल्या एका चाचणीत ऑपरेशनआधी लोराझेपाम हे चिंता कमी करणारं औषध दिल्याने पेशंटचा एकूण अनुभव काही सुधारला नाही, शुद्धीवर यायला मात्र उशीर झाला. ज्यांची धास्ती फार आहे त्यांना औषधाने फायदा होऊ शकतो, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. घरी करण्यासारखं म्हणजे संथ श्वास, सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावून, आणि आवडीचं संगीत. संगीताने ऑपरेशनआधीची चिंता कमी होऊ शकते, असं कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या 2013 च्या आढाव्यात म्हटलेलं आहे.

तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून हॉस्पिटलवर आणि मग एकमेकांवर संशय

नाव काय, कुठल्या बाजूचं ऑपरेशन, कशाची अ‍ॅलर्जी, हे चार जण चार वेळा विचारतात. “यांना काहीच माहीत नाही, तूच हे हॉस्पिटल निवडलंस” इथपर्यंत गाडी जाते. पण ही विचारणा मुद्दाम केलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया सुरक्षा यादीत 19 बाबी आहेत, आणि हे प्रश्न त्यातच येतात. जगातल्या आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण 1.5 टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आल्याचं 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. दर वेळी शांतपणे उत्तर द्या.

सोबत करणाऱ्याने फक्त मॅनेजर होणं

विम्याची कागदपत्रं, रक्ताची सोय, सुट्टी, मुलांची शाळा, नातेवाइकांचे फोन. जोडीदार दिवसभर पळत असतो आणि पेशंटला वाटतं, याला माझ्याशी दोन शब्द बोलायला वेळ नाही. पळणाऱ्याला वाटतं, एवढं करतोय ते दिसतच नाही. दोघांचंही खरं असतं. कामांतली निम्मी तरी दुसऱ्या कुणाकडे द्या. फोन घ्यायला घरातलं एकच माणूस नेमा, बाकीच्यांनी त्यालाच विचारायचं. मग हातात उरलेला थोडा वेळ पेशंटजवळ नुसतं बसण्यासाठी ठेवा.

आणि सोबत करणाऱ्याला स्वतःची भीती बोलून दाखवायला आणखी एखादं माणूस हवंच. भाऊ, मैत्रीण, समुपदेशक, कुणीही. त्याची झोप उडालेली असते, जेवण धड नसतं, आणि त्याला “तू कसा आहेस?” असं कुणी विचारत नाही. मला या माणसाची काळजी पेशंटइतकीच वाटते.

जुने हिशोब आत्ताच काढणं

जिवाची भीती वाटली की जुन्या जखमा वर येतात. “पाच वर्षांपूर्वी माझ्या आईच्या वेळी तू आला नव्हतास.” बोलावंसं वाटणं समजण्यासारखं आहे, पण ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात ते तडीस जात नाही. एका कागदावर लिहून ठेवा आणि बरं झाल्यावर बोलायचं, असं एकमेकांना कबूल करा. 2005 मध्ये अमेरिकेत 42 जोडप्यांवर एक प्रयोग झाला. त्यांच्या हातावर मुद्दाम छोटे फोड आणले होते. एकमेकांशी जास्त कडवटपणे वागणाऱ्या जोडप्यांच्या जखमा इतरांच्या सुमारे 60 टक्के वेगानेच भरल्या. फोड म्हणजे ऑपरेशनची जखम नव्हे, त्यामुळे एका भांडणाने टाके भरायचे राहतील असं समजून घाबरू नका. टाळायचा तो टोमणा आणि तुच्छता.

बँकेची खाती, पासवर्ड, मृत्युपत्र आणि वेळ पडली तर माझ्यावतीने निर्णय कुणी घ्यायचा, या गोष्टींना मात्र जुन्या भांडणांत धरू नका. एका बैठकीत त्या उरकून घ्या. अशुभ म्हणून हा विषय टाळला की तो मनात जास्त घोळतो.

शरीराबद्दल न विचारणं

स्तन, गर्भाशय, प्रोस्टेट किंवा आतड्याचं ऑपरेशन असेल तर दोघांच्याही मनात एक प्रश्न असतो आणि तोंडून निघत नाही: नंतर आपलं नातं तसंच राहील का? संकोचाने तो न डॉक्टरांना विचारला जातो, न एकमेकांना. मग तो लांब झोपतो, तिला दुखू नये म्हणून. ती समजते, मी आता त्याला नकोशी झाले. गर्भाशय काढल्यावर शरीरसंबंधासाठी साधारण सहा आठवडे थांबायला सांगतात. कॅन्सरसाठी प्रोस्टेट काढल्यावर ताठरता परत यायला काही महिने, कधी दोन वर्षंही लागतात, आणि प्रत्येकाची ती पूर्वीसारखी होतेच असं नाही. त्यावर उपचार आहेत. सर्जनना आधीच विचारा, दोघांनी मिळून. तोवर हात हातात घेणं, डोक्यावरून हात फिरवणं याला कुठलंही पथ्य नाही.

हे घरच्या घरी निभवायचा हट्ट

सलग काही रात्री झोप नाही, छातीत धडधड होऊन घाम फुटतो, ऑपरेशन सारखं पुढे ढकलावंसं वाटतं, जगणंच नको वाटतं, यातलं काहीही असेल तर वाट पाहू नका, डॉक्टरांना सांगा. मानसोपचारतज्ज्ञांची मदत ऑपरेशनआधीही मिळते. ताणाच्या नावाखाली जोडीदार हात उगारत असेल, औषध किंवा पैसे अडवत असेल, तर ती धुसफुस नव्हे. एकटी किंवा एकटे असताना नर्सला सांगा, म्हणजे घरी सोडण्याआधी सुरक्षित सोय पाहता येईल.

ऐनवेळी ताप आला, बीपी वाढलं किंवा बेड मिळाला नाही म्हणून तारीख पुढे जाऊ शकते, तेव्हा दोघंही कोसळतात. त्या दिवशी कुणाला घरी बोलवायचं, सुट्टीचं काय करायचं हे आधीच ठरवलं असेल तर निदान एकमेकांवर खापर फुटत नाही. तसंच घरी आल्यानंतरचं. टाके निघतात, लोक अभिनंदन करतात आणि पेशंटला मात्र उगाच रडू येतं. हृदयाच्या ऑपरेशननंतर असा उदासपणा बऱ्याच जणांना येतो. इतके दिवस खंबीर राहिलेला जोडीदारही याच सुमारास थकून जातो. दोन आठवड्यांनंतरही मन वर येत नसेल, तर तपासणीला जाताना प्रश्नांच्या कागदावर टाक्यांच्या खाली तेही लिहून न्या, दोघांचंही.