आईबाबांना शिवारात फिरवायचंय? नाशिकजवळ आधी पाटाचा रस्ता बघा

घरातल्या मोठ्यांना घेऊन जरा मोकळ्यावर फिरून येऊ म्हटलं की आपल्याकडे लगेच पांडवलेणी नाहीतर अंजनेरीचं नाव निघतं. पण पांडवलेणीला वर जायला दोनेकशे पायऱ्या आहेत, चढताना माणूस हळूहळू चढतो पण, खरा त्रास उतरताना होतो, सगळा भार गुडघ्यावर येतो आणि दुसऱ्या दिवशी पाय सुजलेला. खालीच नेहरू वनोद्यान आहे, झाडी आहे, सावली आहे, तिथेच फिरवा ना.

साठी-सत्तरीच्या माणसाला किती किलोमीटर चालायचंय ते नंतर, आधी रस्ता सपाट आहे का ते बघा. आणि सपाट रस्ता हवा तर पाट, म्हणजे धरणाचा कालवा शोधा. पाटाला पंप नसतो, पाणी आपलं आपण वाहतं, म्हणून तो टेकड्या टाळत वळसे घेत जातो आणि उतार इतका कमी की पायाला कळतसुद्धा नाही, काठचा रस्ताही तसाच. गंगापूर धरणाचा डावा कालवा मखमलाबादकडून जातो, दोन्ही बाजूला द्राक्षबागा, भाजीपाला. सगळीकडे रस्ता सारखा नाही, त्यामुळे आधी एकटे जाऊन या आणि मुरूम नीट दाबलेला असेल तेवढाच पट्टा धरा. आवर्तन सुटलेलं असेल, म्हणजे शेतीसाठी धरणातून पाणी सोडलेलं असेल, तर काठ ओला आणि निसरडा असतो, मोठ्यांना पाण्याच्या उलट बाजूने चालू द्या. पावसाळ्यात काळ्या मातीत अजिबात नको, चार पावलांत बुटाला किलोभर चिखल चिकटतो आणि पाय कधी सटकला ते कळत नाही, तेव्हा डांबरी रस्ताच बरा.

द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर बागांमध्ये ट्रॅक्टरच्या ब्लोअरने फवारणी चालू असते, घरघर ऐकू आली की वारा कुठून येतोय बघा आणि सरळ मागे फिरा, दम्याच्या माणसाला तर तिथे उभंही करू नका.

वेळेचं म्हणाल तर थंडीत पहाटेचा हट्ट सोडा. निफाडकडे पारा किती खाली जातो माहितीये ना, बीपी किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांना ऊन पडल्यावर, आठच्या पुढेच बाहेर काढा, कानटोपी घालून. मार्चपासून उलटं, ऊन तापायच्या आत घरी.

पहिल्या दिवशी दहा मिनिटं जायचं, दहा मिनिटं परत, बास. चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत, वाक्य तुटायला लागलं की थांबायचं, आणि छातीत दाटल्यासारखं झालं तर चालणं तिथेच बंद करून थेट डॉक्टर. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची, बरेच जण त्याच बाजूला धरतात आणि मग उपयोग होत नाही. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी नेऊ नका, खिशात साखर किंवा ग्लुकोज असू द्या, हातपाय थरथरले, दरदरून घाम आला की लगेच तोंडात. चप्पल नको, मागून बंद असलेले, तळ न घसरणारे बूट. वस्तीवरच्या कुत्र्यांसाठी पण काठी कामाला येते, फक्त दाखवायची, उगारायची नाही.

गाडी चालवणारं कोणी असेल तर एका टोकाला उतरा आणि गाडी पुढे पाठवा, म्हणजे परत तेवढंच चालायचं टेन्शन नाही आणि कुणी दमलं तर गाडी बोलावता येते.

पाय सरावले की नोव्हेंबर ते फेब्रुवारीत एकदा नांदूरमध्यमेश्वरला न्याच. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथलं हे पाणी, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. चालणं बेताचं, बघायला भरपूर, चमचे, चित्रबलाक असे पक्षी, बदकांचे थवेच्या थवे. पक्षी बघायच्या मनोऱ्यावर चढलंच पाहिजे असं काही नाही, घडीची खुर्ची आणि दुर्बीण न्या, तासभर बसू द्या. आणि निघायच्या आधी टॉयलेटची सोय विचारून ठेवा, नाहीतर मोठी माणसं या एका भीतीने सकाळपासून पाणीच पीत नाहीत.