गच्चीवर सोलर चढवण्याआधी

‘घरच्या घरी सोलर पॅनेल बनवा’ असे व्हिडिओ बघून मीही सुटे सेल मागवले होते. एक सेल साधारण अर्धा व्होल्ट देतो, आणि बारा व्होल्टची बॅटरी भरायला तिच्याहून जास्त, साधारण 18 व्होल्ट लागतात, म्हणजे 36 सेल एकापुढे एक डागावे लागतात. सेल पापडाहून पातळ. डाग देताना सात तुटले, उरलेल्यांचं पॅनेल पहिल्या पावसाळ्यात ओल शिरून गेलं. शिकायला झकास, पण बिल त्याने उतरत नाही. तेव्हा पॅनेल तयारच घ्या आणि बॅटरी, इन्व्हर्टर वगैरे बाकीची जुळवाजुळव स्वतः करा. पुढची यादी त्यासाठी आहे.

आधी वीजबिल काढा. त्यावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. महावितरणचे घरगुती टप्पे 100, 300 आणि 500 युनिटांवर बदलतात आणि सोलरने वाचलेली युनिटं सगळ्यात वरच्या, महागड्या टप्प्यातून कमी होतात. बिल 100 युनिटांच्या आतच असेल, तर हा खटाटोप निव्वळ हौसेचा. शेजारी दुसरा कागद ठेवा आणि सोलरवर काय चालवायचं ते वॅटमध्ये लिहा. आमचा कागद असा होता: 30 वॅटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे बारा तास, 9 वॅटचे पाच दिवे पाच तास, 80 वॅटचा टीव्ही चार तास, 10 वॅटचा राउटर दिवसभर. बेरीज दीड युनिट. जुना पंखा 75 वॅट खातो, म्हणून पंखे आधी बदला, पॅनेल नंतर. गीझर, इस्त्री, पाण्याची मोटर या कागदावर येऊच देऊ नका.

आपल्याकडे एक किलोवॅट पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिटं देतं. म्हणजे 540 वॅटचं एक पॅनेल दोनेक युनिटं देईल. इन्व्हर्टरमध्ये जाणारी वीज धरूनही दीड युनिटाला ते पुरतं, फक्त पावसाळ्यात हात आखडावा लागतो.

आता गच्ची. होकायंत्रापेक्षा खडू कामाचा. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला टाकीच्या, कठड्याच्या, शेजारच्या नारळाच्या सावलीभोवती रेघ मारा. हे शक्यतो डिसेंबरात करा. तेव्हा सूर्य सगळ्यात खाली असतो, पुण्यात भर दुपारीही जेमतेम 48 अंशांवर. मे महिन्यात बघून जागा ठरवली, तर फसाल. मेच्या मध्यावर तिथे सूर्य थेट डोक्यावर येतो आणि गच्ची मोकळीच दिसते. सेल एकामागोमाग जोडलेले असल्याने कोपऱ्यावर पडलेली झावळीची सावलीही बरीच वीज खाते. पॅनेलचं तोंड दक्षिणेला, उतार 18–20 अंश. खाली वीतभर तरी मोकळी जागा ठेवा, कारण पॅनेल तापलं की वीज घटते.

स्टँड फॅब्रिकेटरकडून जीआयचाच, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचाच, करून घ्या. पॅनेलचं वजन 28 किलोच्या आसपास, पण खरी भीती वळवाच्या वाऱ्याची, तो पॅनेल पतंगासारखं उचलतो. स्लॅबला भोकं पाडणार असाल, तर वॉटरप्रूफिंगवाल्याला त्याच दिवशी बोलवा. गळती लागली की घरात सोलरचं नाव काढता येत नाही.

सामानात बारा व्होल्टच्या 150 एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या घ्या. त्या एकापुढे एक जोडल्या की 24 व्होल्ट होतात. रोज त्यांतली निम्मीच वीज काढायची. सोबत 24 व्होल्टवर चालणारा इन्व्हर्टर आणि 30 अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा) लागेल. हा कंट्रोलर 100 व्होल्ट झेलणारा हवा, कारण 540 वॅटचं पॅनेल कशालाच जोडलेलं नसताना 50 व्होल्टच्या घरात जातं. याशिवाय सोलर केबल, पॅनेलच्या तारा जोडणारे एमसी-फोर कनेक्टर, बॅटरीजवळ फ्यूज, वेगळं अर्थिंग आणि मल्टिमीटर. एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच, डीसीचाच (पॅनेल-बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा) मागा. घरातला एसीचा एमसीबी डीसीची ठिणगी तोडेलच असं नाही, आणि दुकानदार ‘चालतंय’ म्हणून तोच हातात ठेवतो.

हिशोबही मनात पक्का असू द्या. महिन्याला 45 युनिटं वाचतील, पण चार-पाच वर्षांनी बॅटऱ्या बदलाव्या लागतील. तुमच्याकडे वीज सहसा जात नसेल आणि वापर भरपूर असेल, तर केंद्राच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेतून नेट मीटरिंग (जादा वीज महावितरणला देऊन ती बिलातून वजा करून घेणं) घेणंच शहाणपणाचं. तिथे तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. मात्र तिथे हाताने जुळवलेलं काही चालत नाही, आणि साधी, बॅटरी नसलेली यंत्रणा लाइट गेली की बंद पडते. आपली जुळणी घरच्या मीटरला परस्पर जोडायचा मोह कधीही होऊ देऊ नका. लाइट गेल्यावरही आपली वीज बाहेरच्या तारेत जाते आणि तारेवर चढलेल्या लाइनमनच्या जिवाशी खेळ होतो.

जोडणीच्या दिवशी वायरमन सोबत हवाच. आधी बॅटरी कंट्रोलरला जोडायची, पॅनेल शेवटी. आणि एक जाडजूड सतरंजी गच्चीवर न्या. उन्हात ठेवलेल्या पॅनेलला बंद करायचं बटण नसतं. शेवटचा कनेक्टर ‘टक्’ करून बसेपर्यंत ते झाकूनच ठेवायचं.