नवशिक्या कुमारवयीन मुलांना इंग्रजीत बोलते कसे करावे

गोव्यातील सत्तरी, पेडणे, डिचोली या तालुक्यांतील अनेक मुले चौथीपर्यंत मराठी माध्यमात शिकतात आणि पाचवीला एकदम इंग्रजी माध्यमाच्या विद्यालयात येतात. सातवी-आठवीपर्यंत त्यांची प्रश्नोत्तरे तोंडपाठ होतात, पण साधा प्रश्न इंग्रजीत विचारला की मान खाली जाते. या वयात चुकण्यापेक्षा चारचौघांत हसे होण्याचीच भीती अधिक असते. म्हणून ज्यात ऐकणारा एकच जोडीदार असेल आणि बोलल्यावाचून काम अडेल, असे उपक्रम निवडावेत. बालगीते मात्र टाळावीत, कारण तेरा वर्षांच्या मुलाला ती अपमानास्पद वाटतात.

पहिले काही दिवस मुलांना बोलायला लावूच नये. शिक्षकाने इंग्रजीत सूचना द्यावी, आधी स्वतः कृती करून दाखवावी आणि मग मुलांनी ती करावी. ही पद्धत जेम्स अ‍ॅशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात मांडली. ‘ओपन द बुक’पासून सुरुवात करून ‘पुट युअर पेन अंडर राहुल्स बॅग’ इथपर्यंत यावे. अनपेक्षित सूचना आली की वर्ग आपोआप कान देऊन ऐकतो.

त्यानंतर जोडीने करायचा बसच्या वेळापत्रकाचा उपक्रम घ्यावा. माझ्या मते सर्वांत फलदायी तोच. वाळपई–पणजी, म्हापसा–पेडणे, मडगाव–काणकोण अशा मार्गांचे दोन तक्ते तयार करावेत. पहिल्या तक्त्यात काही गाड्यांच्या वेळा कोऱ्या ठेवाव्यात, दुसऱ्यात नेमक्या त्याच द्याव्यात आणि उरलेल्या कोऱ्या ठेवाव्यात. वेळा कल्पित असल्या तरी चालतील. जोडीदारांना पाठीला पाठ लावून बसवावे, म्हणजे एकमेकांचा कागद दिसत नाही आणि ‘व्हॉट टाइम डझ द बस टू पणजी लीव्ह?’ असे विचारण्यावाचून गत्यंतर राहत नाही. प्रश्नाचा साचा फळ्यावर लिहून ठेवावा. वेळांमध्ये ६.१५ आणि ६.५० अशा फसव्या जोड्या मुद्दाम घालाव्यात. ‘फिफ्टीन’मध्ये जोर शेवटी येतो, तर ‘फिफ्टी’मध्ये सुरुवातीला. हा फरक नुसता सांगून फारसा ठसत नाही. चुकीच्या उच्चारामुळे जोडीदाराने भलतीच वेळ लिहिली की तो पक्का लक्षात राहतो. शेवटी दोन्ही तक्ते शेजारी ठेवून मुलांनी स्वतःच ताडून पाहावेत.

पुढच्या टप्प्यावर वर्गाची पाहणी करता येते. ‘कॅन यू स्विम?’, ‘कॅन यू क्लीन फिश?’ असे चार प्रश्न घेऊन प्रत्येकाने वर्गभर फिरावे, नावे टिपावीत आणि मग ‘सेव्हन स्टुडंट्स कॅन स्विम’ असा निष्कर्ष वाचून दाखवावा.

उपक्रम सुरू असताना चूक दुरुस्त करण्यासाठी कोणालाही थांबवू नये. शिक्षकाने फिरत राहावे, कानावर आलेली चुकीची वाक्ये वहीत टिपावीत आणि तास संपण्यापूर्वी त्यांतली दोन-तीन, कोणाचेही नाव न घेता, फळ्यावर लिहून वर्गाकडूनच सुधारून घ्यावीत. नियम समजावताना एकदा मराठीचा किंवा कोकणीचा आधार घेण्यात काहीच गैर नाही. त्याने वेळ वाचतो. एवढे करूनही एखादे मूल गप्पच राहिले, तर पुढच्या तासाला तोच तक्ता, वेळा बदलून, त्याच्या जिवलग मित्राबरोबर करायला द्यावा आणि आपण त्या बाकापासून दूर उभे राहावे.