जुन्या मापातला ‘हात’ मीटरमध्ये कसा आणावा

जुन्या ग्रंथात ‘अमुक हात लांब’ असं वाचलं की बहुतेक जण हात म्हणजे दीड फूट धरतात आणि गुणाकार करून मोकळे होतात. कृपा करून असं करू नका. दीड फूट हे एका प्रकारच्या हाताचं माप झालं. हात अनेक होते.

आधी तीन गोष्टी लिहून काढा: माप कुठलं, कोणत्या काळातलं आणि त्याने काय मोजलंय. तिसरी गोष्ट हमखास राहून जाते आणि हिशेब तिथेच फसतो.

मग ते माप बोटांत आणा. बोट म्हणजे बोटाची रुंदी, लांबी नव्हे. ४ बोटांचा पंजा, १२ बोटांची वीत, २४ बोटांचा हात ही चढण इजिप्त, रोम आणि आपल्याकडचा कौटिल्याचा ग्रंथ ‘अर्थशास्त्र’ या तिन्हींत सापडते. इथवर सोपं आहे.

खरी कसोटी पुढे आहे: समोरचा हात नेमका किती बोटांचा? इजिप्तमध्ये साधा हात २४ बोटांचा, पण राजहात २८ बोटांचा. हा फरक केवढा पडतो ते खुफूच्या पिरॅमिडवर करून बघा. त्याच्या पायाची एक बाजू ४४० हात मानली जाते. तिथलं बोट सुमारे १.८७ सेंटिमीटरचं. २४ बोटांच्या हाताने उत्तर साधारण १९७ मीटर येतं, २८ बोटांच्या हाताने २३० मीटर. प्रत्यक्ष मोजणीत ती बाजू २३० मीटरच्या थोडी वर भरते. म्हणजे हात राजहातच. मापलेली वास्तू अजून उभी असेल तर हा ताळा घेतल्याशिवाय पुढे जाऊच नका.

‘अर्थशास्त्रा’त तर वापराप्रमाणे हात बदलतो. नेहमीचा २४ अंगुळांचा (अंगुळ म्हणजे तिथलं बोट), कुरणं मोजायचा २८ चा आणि जंगलाचा थेट ५४ चा. शब्द एकच, लांबी दुपटीहून जास्त. ‘हात = ४५ सेंटिमीटर’ असा एकच आकडा देणारे तक्ते म्हणूनच मला चालत नाहीत.

मी स्वतः सपशेल चुकलो तो ‘पुरुष’ या मापात. एका खंदकाची खोली ३ पुरुष दिली होती. शुल्बसूत्रांतला (यज्ञवेदींच्या मापांचे प्राचीन ग्रंथ) पुरुष म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस, १२० अंगुळांचा. तोच पाठ होता, तोच लावला आणि उत्तर साडेसहा मीटरच्या आसपास आलं. अर्थशास्त्रात खोदकामाचा पुरुष वेगळा, ८४ अंगुळांचा आहे, हे नंतर कळलं. त्याने तीच खोली साडेचार मीटरच्या आसपास येते. दोन मीटरची तफावत, आणि गुणाकारात चूक एकही नाही! तेव्हापासून आकडेमोडीआधी मी कागदावर ‘कशासाठी?’ एवढं लिहितो आणि उत्तर मिळेपर्यंत पेन उचलत नाही.

रोमन पावलातही असाच सापळा आहे. रोमन पाऊल, म्हणजे पासुस, ५ रोमन फुटांचं, कारण ते दुहेरी आहे: एकच पाय पुन्हा जमिनीला टेकेपर्यंतचं अंतर. अशी १००० पावलं म्हणजे एक रोमन मैल, सुमारे १४८० मीटर. आपलं एकेरी पाऊल धरलंत तर मैल निम्म्यावर येईल.

बोटाचे सेंटिमीटर करताना स्वतःचं बोट मोजू नका. अर्थशास्त्रातलं अंगुळ म्हणजे जवाचे ८ दाणे मध्यभागी जेवढे रुंद असतात तेवढं, किंवा मध्यम बांध्याच्या माणसाच्या मधल्या बोटाची मधली रुंदी. दाणे आणि माणसं सारखी नसतात, म्हणून मी अंगुळाला १.७५ ते १.९ सेंटिमीटर असा पल्ला ठेवतो आणि उत्तरही पल्ल्यातच देतो. रोमन बोट मात्र ठरलेलं आहे: रोमन फुटाचा सोळावा भाग, सुमारे १.८५ सेंटिमीटर.

मग गुणाकार करा आणि दशांशाची शेपटी छाटा. वरच्या खंदकाची खोली ‘४.४ ते ४.८ मीटर’ अशी लिहावी आणि शेजारी कंसात ‘८४ अंगुळांचा पुरुष धरून’ हेही नोंदवावं, म्हणजे पुढच्या वाचणाऱ्याला तुमचा हिशेब पुन्हा तपासता येईल.